उजव्या किडनीतला उजेड

श्रीवर्धनला घरी गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "तू नक्की करतेस काय?" मी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. डॉक्टर नाही, एक्स-रे काढणारी नाही, आणि नाही हो, मी कोणाला शॉकही देत नाही. शेवटी कंटाळून मी म्हणायला लागले, "मी उजेड मोजते." त्यावर शेजारचे काका म्हणाले, "मग वायरमन का नाही झालीस?" मी हसून सोडून दिलं. रागावून उपयोग नव्हता, आणि मी सांगितलं होतं ते तसं खरंच होतं.

काही कॅन्सर असे असतात की त्यांच्यासाठी किरणोत्सर्गी औषध शिरेतून देता येतं. ते रक्तातून फिरत फिरत गाठी शोधून काढतं, त्यांना जाऊन चिकटतं आणि तिथल्या तिथे त्यांना भाजत राहतं. पण जिथे जाऊ नये तिथेही ते थोडं जातंच. त्यातही किडन्यांमध्ये जास्त, कारण शरीरातलं धुणं शेवटी तिथूनच जातं. औषध जिथे बसेल तिथून एक उजेड बाहेर येत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला दिसतो. औषध दिलं त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि मग चार-पाच दिवसांनी आम्ही पेशंटला कॅमेऱ्याखाली झोपवतो. उजेड किती होता, किती उरला, कुठल्या वेगाने विझत गेला, हे मी पाहते आणि त्यावरून किडन्यांनी एकूण किती मार खाल्ला याचा अंदाज काढते. किडन्यांनी किती सोसावं याची एक मर्यादा धरलेली आहे. ती जवळ आली की पुढचा डोस थांबवावा लागतो.

पुष्कळ ठिकाणी एवढा खटाटोप करत नाहीत. ठरलेले डोस द्यायचे आणि मधून मधून रक्त तपासायचं. आमच्या विभागाचे मुख्य डॉक्टर मात्र या बाबतीत हट्टी आहेत. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. प्रत्येक माणसाच्या किडनीचा स्वभाव वेगळा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, आणि पटलं नसतं तरी माझी नोकरी त्यावरच आहे.

आमचा विभाग पनवेलजवळच्या एका हॉस्पिटलच्या तळघरात आहे. खिडकी एकही नाही, एसी सतत घुमत असतो, बाहेर ऊन आहे की पाऊस ते पेशंटच्या चपलांवरून कळतं. कॅमेऱ्याला दोन मोठी चौकोनी डोकी आहेत. ती झोपलेल्या माणसाभोवती इतक्या सावकाश फिरतात की हलतात हे लक्षातही येत नाही. पलीकडच्या काचेआड मी पडद्यासमोर बसते. पडद्यावर आधी काही नसतं. मग एक ठिपका येतो, लांब कुठेतरी दुसरा, मग चार-पाच. बघता बघता त्या अंधारातून माणूस वर येऊ लागतो. त्याला नाक-डोळे नसतात, कपडे नसतात, वय कळत नाही. यकृत उजवीकडे धुकट दिसतं, पाठीशी दोन किडन्या, आणि नको तिथे लखलखीत गाठी. हे बघताना माझी तंद्री लागते. कोणी हाक मारली तर मी दचकते, आणि मला दचकवलं तर मी चिडते, हे विभागात सगळ्यांना माहीत आहे.

ही तंद्री कामावरून निघाल्यावरही जात नाही. संध्याकाळी बसमध्ये बसले की समोरच्या माणसाचा शर्ट विरघळायला लागतो. कंडक्टर तिकीट विचारत उभा असतो आणि मी त्याच्या पोटातल्या दोन मंद दिव्यांकडे बघत असते. तो पुन्हा विचारतो, मी भानावर येते. एकदा एकाने मला विचारलंही, "मॅडम, काय झालं, बटण उघडं आहे का?"

एका सकाळी एक पेशंट आल्या, त्यांना मी पुढे काकीच म्हणायला लागले. म्हसळ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, भातशेती करणाऱ्या एका गावातल्या. साठीच्या अलीकडच्या, बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. बरोबर त्यांची जाऊ होती. पिशव्या तिच्याकडे आणि बोलणंही तिच्याकडेच. मी त्यांच्या बाजूचीच म्हटल्यावर जाऊबाईंनी माझं गाव, आळी, वाडी, आडनाव एका दमात काढून घेतलं आणि मग काकींकडे वळून म्हणाल्या, "आपलीच हाय. सांग आता काय ते."

पण काकी तोंडाने काही सांगेनात. त्यांच्या आतड्यात एक गाठ होती आणि तिची पिल्लं यकृतात पसरली होती. असल्या गाठी रक्तात काहीतरी सोडत राहतात. त्याने चेहरा एकाएकी लालबुंद होतो आणि पोट सारखं जात राहतं. दिवसाकाठी किती वेळा ते काकींनी मला बोटांनी दाखवलं, आणि ते दाखवतानासुद्धा पदराखालून. कित्येक वर्षं गावात सगळे पोट बिघडलं एवढंच समजत होते. चेहरा लाल झाला की बाया थट्टा करायच्या, या वयात लाजतेस कोणाला. निदान झालं तेव्हा गाठी पसरून बसल्या होत्या.

"तुम्हाला काय व्हायला हवंय?" हा प्रश्न सर प्रत्येकाला विचारतात. बहुतेक जण म्हणतात, बरं व्हायचंय. काकी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलल्या. "माजी आय हाय अजून. खाडीपल्याड, मुरुडच्या अंगाला. तिच्याकडं जायाचंय."

मुंबई-पुण्याच्या माणसाला यात काय मोठं असं वाटेल. म्हसळ्याहून दिघीपर्यंत एसटी, दिघीच्या धक्क्यावरून लाँच, आगरदांड्याला उतरून टमटम. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला माणूस पोचतो. पण बसमध्ये पोट आलं तर कुठे जायचं, आणि लाँचवर आडोसा कुठला? या एका भीतीपायी काकी वर्षानुवर्षं खाडी ओलांडून गेल्या नव्हत्या. भाच्याचं लग्न झालं, त्याच्या पोराचं बारसं झालं, भाऊ वारला, त्यालाही त्या गेल्या नाहीत. आई इतकी थकलेली की तिला आणणं शक्य नव्हतं.

"फोन करता ना?" मी विचारलं.

"आयला फोनवर ऐकू येत न्हाय," काकी म्हणाल्या. "ती निसती हालो हालो करती, मंग दुसऱ्याच्या हातात देती."

खाडीच्या या तीराला लेक आणि त्या तीराला आई, आणि इतक्या वर्षांत दोघींचं एक वाक्य बोलणं नाही. मी उगाच की-बोर्ड पुसत बसले.

अडचण एकच होती. तरुणपणी काकींची उजव्या किडनीतल्या खड्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती. किडनीच्या मध्ये एक पोकळी असते, लघवी तिथे जमून खाली उतरते. काकींची ती पोकळी जरा सैल पडलेली होती. सरांनी ठरवलं, जमले तर चार डोस, पण प्रत्येक डोसनंतर मोजायचं आणि मगच पुढचा द्यायचा. म्हणजे काकींची लाँच माझ्या ठिपक्यांवर अवलंबून राहिली. मला हे मुळीच आवडलं नाही. मला पेशंट पडद्यावरच बरे वाटतात.

पहिला डोस सुरळीत पार पडला. काकी पनवेलला पुतणीकडे राहिल्या आणि ठरल्या दिवशी फोटोला येत गेल्या. उजेड जसा उतरायला हवा तसा उतरला. दोनेक महिन्यांनी दुसऱ्या डोसला आल्या तेव्हा पदर एकाच खांद्यावर होता. "बाय, मी वरच्या वाडीत हळदीकुंकवाला जाऊन आले," म्हणाल्या. "बसून खाल्लान् बी," जाऊबाईंनी भर घातली. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी दोनदा हाक मारूनही कोणावर खेकसले नाही.

दुसऱ्या डोसनंतर मात्र पुतणीकडे राहता येईना. ती आता गरोदर होती, आणि औषध घेतलेल्या माणसाने काही दिवस अशा बाईपासून आणि लहान मुलांपासून लांब राहायचं असतं. ते आम्हीच सांगितलं होतं. म्हणून पहिली रात्र हॉस्पिटलमध्येच काढून, पहिले दोन फोटो झाल्यावर दोघी घरी गेल्या आणि शेवटच्या फोटोसाठी पहाटेच्या एसटीने पुन्हा आल्या. काकी कॅमेऱ्याखाली झोपल्या, डोकी फिरली, ठिपके आले. मला तेव्हाच उजवी बाजू जरा जास्त उजळ वाटली, पण तंद्रीत कितीतरी गोष्टी वाटतात.

मग मी रेघ काढली. तिन्ही दिवसांचा उजेड तीन ठिपक्यांनी मांडायचा आणि त्यांतून उतरती रेघ न्यायची. रेघेखालची सगळी जागा म्हणजे किडनीने खाल्लेला मार. पहिले दोन ठिपके शहाण्यासारखे आपापल्या जागी बसले. तिसरा वरच राहिला. शेवटचा ठिपका वर राहिला की रेघ उतरायला तयार होत नाही, तिची शेपूट लांबच लांब जाते. त्या शेपटीत आम्ही कोणी प्रत्यक्ष मोजत नाही, पण बेरजेत ती पुरेपूर धरावी लागते. डावी किडनी ठीक होती. उजवीने एका डोसमध्येच इतका मार खाल्ला होता की मी बेरीज पुन्हा केली, यंत्राची तपासणी पाहिली, किडनीभोवतीची रेघ पुन्हा काढली. उत्तर तेच आलं.

सरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "उजवी ऐकत नाही," म्हणाले. "थांबवू या."

"पण त्यांना गुण येतोय, सर."

"येतोय. आणि उद्या किडनी गेली तर? डायलिसिससाठी म्हसळ्यापुढच्या गावातून दर आठवड्याला कुठे कुठे फिरणार त्या? त्यापेक्षा पोट गेलेलं परवडलं. त्यांना थांबायला सांगा. मी बोलतो."

त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. कोणावर तेही कळेना. किडनीवर रागावता येत नाही आणि शेपटीवर तर नाहीच नाही.

बाहेर बाकावर काकी डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ पार सुकलेले. जाऊबाई परतीच्या गाडीची वेळ विचारून आल्या होत्या. मी म्हटलं, सर भेटणार आहेत, जरा थांबा. आणि कोपऱ्यातल्या कूलरमधून गार पाणी आणून पुढे केलं.

काकींनी डोळे न उघडताच हात आडवा धरला. "नको, बाय."

"घ्या हो. घशाला कोरड पडली असेल."

"परतीची गाडी हाय."

"ती काल दुपारपास्नं पानी प्यायली न्हाय," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. "गाडीचं आसलं की न्हाय पीत. थेंब न्हाय."

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. ती इतकी माहीत होती की मला दिसतच नव्हती. आमच्याकडे एसटीने जायचं म्हणजे बायकांचं पाणी आदल्या संध्याकाळपासून बंद. हे कोणी शिकवत नाही, आईकडे बघून आपोआप येतं. माणगावच्या स्टँडवर गाडी थांबली की पुरुष उतरतात, पाय मोकळे करतात, वडापाव खातात, आडोशाला जाऊन येतात. बायका खिडकीपाशी बसून राहतात आणि गाडी पुन्हा कधी सुटते याची वाट बघतात. मी एवढी शिकलेली, किडन्यांवर भाषणं देणारी, पण मीसुद्धा गावी जाताना पाण्याची बाटली भरून घेते आणि भरलेलीच घरी नेते. काकींना तर दुप्पट कारण होतं. आमच्या सूचनांच्या कागदावर छापलेलं आहे, भरपूर पाणी प्यावे. तो कागद ज्याने लिहिला तो कधी बाई होऊन एसटीत बसला नव्हता.

मी आत पळाले. पळाले हे खरंच, कारण आमचा रिसेप्शनवाला नंतर आठवडाभर मला "आग कुठे लागली होती" म्हणून चिडवत होता. फोटो पुन्हा उघडला. यावेळी बेरीज बघितली नाही, नुसती किडनी बघितली. उजेडाच्या चित्राखाली त्याच वेळी काढलेलं सीटी स्कॅनचं चित्र ठेवलं आणि एक एक काप सावकाश उलटत गेले. उजव्या किडनीची कड डावीइतकीच मंद होती. चकाकत होती ती मधली सैल पोकळी. आदल्या दुपारपासून पाणी न प्यायलेल्या बाईची दाट लघवी तिथे साचून बसली होती आणि औषधाचा उरलासुरला अंश तिच्यात होता. किडनीभोवती मी काढलेल्या रेघेच्या आत हे सगळं येत होतं, म्हणून आकडा फुगला होता.

सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला जे दिसावंसं वाटतंय तेच दिसत नाहीये ना?"

हा प्रश्न मला झोंबला. पण तो विचारायलाच हवा होता. आकडा आवडला नाही की माणूस त्याच्याशी भांडायला कारणं शोधतो, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा पाहिलं होतं. मी म्हटलं, "म्हणूनच माझं ऐकू नका. उद्या सकाळी पुन्हा फोटो काढू. तोपर्यंत मी त्यांना पाणी पाजते."

"राहतील कुठे?"

"माझ्याकडे. घरात मी एकटी आहे, पोरंबाळं कोणी नाही."

सरांनी काकींच्या अंगातून बाहेर येणारे किरण किती उरलेत ते मोजायला लावलं. ते फारच थोडे होते. मग ते एवढंच म्हणाले, "भरपूर पाजा."

मी कामोठ्याला राहते. दोन खोल्या, आणि गॅलरीतून खाडीचा चिखल दिसतो. घरात शिरल्या शिरल्या जाऊबाईंनी आधी संडास बघितला, कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला. "झ्याक हाय," त्यांनी बाहेर येऊन जाहीर केलं. मग त्यांनी काकींची खुर्ची त्या दाराला लागूनच ठेवली. मी तांब्या भरून हातात दिला. काकी आधी घोट घोट घेत होत्या, चोरून पीत असल्यासारख्या, एक डोळा दाराकडे. कोणी घाई करत नाही, कोणी बघत नाही, गाडी सुटत नाही, हे कळल्यावर त्यांनी तांब्या उचलून वरून धार धरली आणि डोळे मिटून पीत राहिल्या. मी पुन्हा भरला. तोही त्यांनी संपवला.

संध्याकाळ हळूहळू उतरत होती. ओहोटी लागलेली, चिखलावर पिवळा उजेड, बगळे इकडून तिकडे चालत होते. दिवा लावायला कोणीच उठलं नाही. काकी आईबद्दल बोलत होत्या, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. आई नारळाच्या झावळ्यांची झापं विणायची. विणताना तिची बोटं दिसायची नाहीत, इतकी भराभर चालायची. काकी लहानपणी त्या झापांवरच झोपायच्या आणि उठल्या की गालावर विणीची नक्षी उमटलेली असायची. आई त्यावरून बोट फिरवायची. बोलता बोलता काकी उठायच्या, दाराची कडी वाजायची, परत यायच्या, आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे चालू. प्रत्येक कडीला मला आतून हसू यायचं. दुसऱ्याच्या लघवीने एवढा आनंद होतो असं मी कोणाला सांगू शकले नसते.

अंधार पडल्यावर काकी म्हणाल्या, "आय मला वळखंल का गो?"

"न वळखायला काय झालं," जाऊबाई आतून ओरडल्या. त्या माझ्या ओट्याजवळ उभ्या राहून मी भात कसा करते हे नापसंतीने बघत होत्या.

सकाळी काकी पुन्हा कॅमेऱ्याखाली झोपल्या. मी काचेआड बसले. सर माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. ते असे कधी येत नाहीत. ठिपके यायला लागले. यकृत आलं, गाठी आल्या. आधीच्या फोटोपेक्षा त्या लहान होत्या का, हे मी मुद्दाम बघितलं नाही. डावी किडनी आली, उजवी आली. दोन्ही सारख्याच मंद, एकमेकींना शोभतील अशा. मधली पोकळी काळी होती.

नवा ठिपका मांडला आणि रेघ उतरली. पुन्हा बेरीज केली. मला वाटलं होतं की आता चारही डोस मोकळे होतील. तसं झालं नाही. किडन्यांनी खाल्लेला खरा मार आदल्या दिवशीच्या अंदाजाहून पुष्कळ कमी होता, पण तिसऱ्यानंतर चौथ्याला जागा उरत नव्हती. मी आकडा एकदाही ढकलून पाहिला नाही. मोह झाला होता, हे लिहायला हरकत नाही.

सरांनी काकींना समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. तिसरा डोस देता येईल, चौथ्याचं वचन देत नाही. आणि हे औषध रोग घालवत नाही, थोपवून धरतं. किती काळ, ते कोणालाच माहीत नाही. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकी मात्र नीट ऐकत होत्या, बाजारात भाव ऐकावा तशा.

"लाँचपुरतं थोपवा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या डोसच्या वेळी त्या सगळे दिवस माझ्याकडेच राहिल्या. मग बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. थंडीत मी श्रीवर्धनला गेले होते. घरोघर अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, आणि मी ओट्यावर बसून नुसतं ते बघत होते. तेव्हा जाऊबाईंचा फोन आला. उद्या निघतोय, तू इकडेच आहेस असं कळलं. येतेस का असं त्यांनी विचारलंच नाही, दिघीच्या धक्क्यावर किती वाजता उभी राहा तेवढं सांगितलं.

लाँच सुटली तेव्हा खाडीवर धुकं होतं. समोरचा काठ दिसत नव्हता, मागचाही लवकरच दिसेनासा झाला. मोटारसायकली, कोंबड्यांची खुराडी, शाळेला निघालेल्या मुली, सगळे त्या पांढऱ्यात उभे होते आणि कोणी फारसं बोलत नव्हतं. काकी कठड्याला धरून उभ्या होत्या. नवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. जाऊबाई त्यांच्या चेहऱ्याकडे सारख्या बघत होत्या, लाल होतोय का म्हणून. चेहरा लाल झाला नाही. पोटाने काही केलं नाही. मी एकदा विचारलं, बरं वाटतंय ना, तर काकींनी फक्त मान हलवली. त्यांना तेव्हा मीही नको होते आणि ती लाँचसुद्धा नको होती. त्यांना पलीकडे पोचायचं होतं.

घर नारळांच्या आत होतं. पडवीत बाजेवर त्यांची आई बसली होती, मुठीएवढी झालेली, डोळ्यांवर पांढरी साय. आम्ही आलो ते तिला कळलं नाही. काकी तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि तिचा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. म्हातारीचा हात आधी तसाच राहिला. मग बोटं हलली, गालावरून, कानाकडे, हनुवटीपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"आलीस?" म्हातारी म्हणाली.

काकी तिच्या हाताखाली नुसत्या मान हलवत राहिल्या. म्हातारीने त्यांचा दंड चाचपला, मनगट चाचपलं.

"मानूस सुकून गेलं पार. आजार गेला का तुजा?"

"गेला, आय," काकी तिच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. "बरी झाले मी."

म्हातारीला तेवढ्याने समाधान झालं नाही. कोणीतरी तिला सांगितलं असावं की दवाखान्यातली एक बाई बरोबर आलेली आहे. तिने मान वळवून आम्ही उभ्या होतो त्या बाजूला तोंड केलं. "डाक्तरीन कुटं हाय? ही खरं सांगती का?"

मी डॉक्टर नाही, हे त्या क्षणी मला सांगावंसं वाटलं नाही. जाऊबाईंनी माझ्या पाठीला हलकेच हात लावला. काकी खाली बघत होत्या. मी बाजेपाशी गेले, गुडघे टेकले, त्या वाळक्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो, आजी. पूर्ण बरी झाली."